पंचवीस टक्क्यांचं कलम

तूरिदचा कोर्स कॉलेजच्या वेबसाइटवर नेमका कुठे आहे, हे हालवारला सापडलं नाही, आणि तेही बायकोसमोर, जेवणाच्या टेबलावर. खरं म्हणजे त्याने शोधायला बसायलाच नको होतं. पण तूरिदने बटाटे वाढता वाढता "तू शोधून दाखव बरं," असं अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आणि ज्या माणसाच्या कॉलेजातल्या खोलीच्या दारावर अकरा वर्षं 'वेब संपादक' अशी पाटी आहे त्याला माघार घेणं शोभलं नसतं. त्याने लॅपटॉप मिठाच्या बरणीला टेकवला. 'शिक्षण'वरून तो 'समाज आणि किनारा'वर गेला, तिथून 'भविष्याकडे'वर, तिथून 'आमची मूल्ये'वर, आणि सातव्या टिचकीला मोटारी कुठे लावाव्यात याबद्दलच्या २०१४ सालच्या सूचनेपाशी पोचला. तोवर बटाटे गार झाले होते.  

तूरिद नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या ग्रोविकच्या कॉलेजात 'समुद्री शेवाळ: लागवड आणि उपयोग' हा एक वर्षाचा कोर्स शिकवायची. हे शेवाळ खातात, जनावरांना घालतात, शेतात टाकतात आणि त्यावर प्रबंधही लिहितात, पण ग्रोविकमध्ये त्याचा मुख्य उपयोग पाय घसरण्याकडे होत असे. आदल्या वर्षी कोर्सला नऊ अर्ज आले होते. त्यातल्या दोघांना दुसराच कुठला तरी कोर्स हवा होता. आता वरून नियम आला होता: पंधरा एप्रिलपर्यंत बारा अर्ज आले नाहीत तर कोर्स बंद, आणि शिकवणाऱ्या व्यक्तीची रवानगी तोर्स्नेसच्या शाखेत. तोर्स्नेस म्हणजे दोन फेरीबोटी आणि चार तासांचा प्रवास. म्हणजे तूरिद सोमवार ते शुक्रवार तिकडे आणि हालवार इकडे. 'जाऊ नकोस' असं तोंडाने म्हणण्याची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. हालवारने लॅपटॉप मिटला आणि तो म्हणाला, "मी मेन्यू सुधारतो."

पुढच्या सोमवारच्या सभेत त्याने वेबसाइट नव्याने करायचा प्रस्ताव मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं. कॉलेजच्या वेबसाइटवर बाहेरचा माणूस तीन गोष्टी शोधायला येतो: इथे काय शिकवतात, अर्ज कधीपर्यंत करायचा, आणि तो कुठे करायचा. आपल्याकडे पानं आहेत अकरा हजार चारशे, आणि या तीन गोष्टी सोडून बाकी सगळं त्यांत आहे. तेव्हा मेन्यू छोटा करायचा आणि पानं कमी करायची. सगळ्यांनी कॉफीचे घोट घेत माना डोलावल्या. विरोध एकाचाही नव्हता. ग्रोविकमध्ये सभेत विरोध करत नाहीत, नंतर ईमेल करतात.

संध्याकाळपर्यंत छत्तीस ईमेल आले. कल्पना तत्त्वतः सर्वांना मान्य होती. फक्त प्रत्येकाचं स्वतःचं पान राहायला हवं होतं, आणि शक्यतो पहिल्याच पानावरून दिसायला हवं होतं. ग्रंथालयाला आपली वेळ हवी होती, संशोधन विभागाला आपलं धोरण हवं होतं, आणि रेक्टर आस्लाउगबाईंना आपलं बाराशे शब्दांचं स्वागतपर मनोगत. हिरवळीवर बसून एकाच लॅपटॉपकडे बघत हसणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा फोटो तर कुठल्याही परिस्थितीत काढायचा नव्हता. या तिघांतला एक कधीच विद्यार्थी नव्हता, तो फोटोग्राफरचा मेहुणा होता. उरलेल्या दोघांतली एक आता बर्गनला दातांची डॉक्टर आहे. लॅपटॉप बंद होता.

हालवार एरवी भिडस्त माणूस. पण दर वेळी कुणाची तरी भीड पडायला लागली की त्याच्या डोळ्यांपुढे मिठाची बरणी यायची, आणि तो ते पान पुसून टाकायचा. जानेवारीअखेर अकरा हजार चारशेची तीनशे चाळीस पानं झाली. पहिल्या पानावर शोधायची चौकट, कोर्सची यादी आणि 'पंधरा एप्रिल' एवढं मोठ्या अक्षरांत. शुक्रवारच्या वॉफल्सचं आमिष दाखवून त्याने तीन विद्यार्थी पकडले आणि शेवाळाचा कोर्स शोधायला लावला. सगळ्यांत मठ्ठ होता त्याला एकोणीस सेकंद लागले. एक मुलगी म्हणाली, "अय्या, हा कोर्स आपल्याकडे आहे?" ती तिथे दोन वर्षं शिकत होती.

नव्या वेबसाइटचं उद्घाटन मार्झिपानचा केक कापून झालं. आस्लाउगबाईंनी "ठीक झालंय," असं म्हटलं. ग्रोविकमध्ये याहून मोठी स्तुती फक्त श्रद्धांजलीच्या वेळी करतात. शेजारी राहणाऱ्या आर्वेनेही बर्फ उपसता उपसता फावड्यावर हनुवटी टेकवून मत दिलं. आर्वे फेरीबोटीचा निवृत्त कप्तान. तो म्हणाला, वेबसाइट आणि फेरी एकच. लोकांना पलीकडे जायचं असतं, दारातच कॉफीचं दुकान मांडलं की ते तुंबतात. तू दुकान हलवलंस ते उत्तम केलंस. हालवारला धन्य वाटलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. तशी झोप त्याला त्या मोसमात परत लागली नाही.

तीन आठवड्यांनी भाषा खात्याचं पत्र आलं.

आता नॉर्वेजियन ही भाषा एक, पण ती लिहायच्या रीती दोन. शहरांतून चालते ती पुस्तकी, आणि खाडीच्या आतल्या गावांतून चालते ती नवी. 'नवी' म्हणतात तिला पावणेदोनशे वर्षं होत आली, पण नाव पडलं ते पडलं. पुस्तकी लिहिणाऱ्याला नवी वाचता येते आणि नवी लिहिणाऱ्याला पुस्तकी. भांडण वाचण्याचं नाहीच. भांडण मानाचं आहे. म्हणून कायदा असा की सरकारी संस्थेने जे काही लोकांसमोर मांडलं असेल त्यात दोन्ही रीतींचा मजकूर किमान पंचवीस पंचवीस टक्के पाहिजे. पत्रात लिहिलं होतं की एका नागरिक संघटनेच्या तक्रारीवरून मोजणी केली असता ग्रोविक कॉलेजच्या वेबसाइटवर नवीचं प्रमाण तीन टक्के आढळलं. जुन्या वेबसाइटवर ते सत्तावीस होतं. हे कसं झालं ते कळवावं.

नागरिक संघटनेचं नाव होतं 'ग्रोविक भाषामंडळ, सभासद सात'. खाली अध्यक्षांची सही होती, आणि ती हालवारच्या ओळखीची होती, कारण दोन घरांमधल्या कुंपणाच्या खर्चाच्या कागदावर त्याने ती पाहिली होती. तो तसाच शेजारच्या घरी गेला. आर्वे दारातच होता.

"तूच म्हणालास ना उत्तम केलंस म्हणून?"

"उत्तमच केलंस," आर्वे म्हणाला. "ते मी शेजारी म्हणून म्हटलं. तक्रार अध्यक्ष म्हणून केली. मनावर घेऊ नकोस. तुझ्या बायकोच्या कोर्सचं पान तर मला एका टिचकीत सापडलं."

कोंबडं झाकून ठेवायची सोय नव्हती, कारण पत्राची प्रत रेक्टरकडे गेली होती. आस्लाउगबाईंनी हालवारला बोलावलं. त्यांचा आवाज शांत होता, आणि तो शांत असला की लोक कामाला लागत. कायदा मोडणाऱ्या संस्थांची यादी खातं एप्रिलमध्ये छापणार होतं, आणि त्या यादीत आपलं नाव त्यांना बघायचं नव्हतं. "एकतीस मार्चपर्यंत पंचवीस टक्के कर," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर जुनी वेबसाइट परत चढवायची. ती कुरूप होती, पण कायदेशीर होती." जुनी वेबसाइट चढली की तूरिदचा कोर्स पुन्हा मोटारींच्या सूचनेमागे गडप होणार, हे हालवारने त्यांना सांगितलं नाही. तो फक्त किती शब्द लागतील ते विचारून बाहेर पडला. शब्द सव्वीस हजार लागणार होते.

आधी त्याने विभागांना विनवलं: चार पानांमागे एक पान नवीत करू. तत्त्वतः सर्वांना मान्य होतं. परिचर्या विभाग म्हणाला, आमचा विषय जिवाशी खेळणारा, घोटाळा नको. तुम्ही अर्थशास्त्रवाल्यांना विचारा. अर्थशास्त्रवाले म्हणाले, आमच्या विद्यार्थ्यांना आकडे कळतात, भाषेचं त्यांना वावडं आहे, शिक्षणशास्त्राला विचारा. शिक्षणशास्त्राने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि तिची पहिली बैठक ईस्टरनंतर ठेवली. एकट्या तूरिदने आपलं पान त्याच दिवशी नवीत करून दिलं. ते दोनशे शब्दांचं होतं.

मग हालवारच्या लक्षात आलं की टक्केवारी ही दोन टोकांची काठी आहे: नवी वाढवता येत नसेल तर पुस्तकी कमी करावी. त्याने पुन्हा कात्री काढली. संशोधन धोरण चार ओळींत बसलं आणि प्रथमच समजू लागलं. आस्लाउगबाईंचं बाराशे शब्दांचं मनोगत 'सुस्वागतम' एवढंच उरलं. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि यात आपला सूर हरवला आहे असं म्हणाल्या. इतकं करूनही सतरा हजार शब्द कमी पडत होते.

राहता राहिला मूळ प्रश्न: जुन्या वेबसाइटवर सत्तावीस टक्के नवी आली कुठून? हालवारने जुन्या पानांचा ढीग उकरला. आग लागल्यास काय करावे ही सूचना सोडली, तर बाकी झाडून सगळी नवी कॅन्टीनची होती. नऊ वर्षं, कामाच्या प्रत्येक दिवशी, कॅन्टीनच्या गुन्वोरने 'आजचं जेवण' वेबसाइटवर टाकलं होतं. गुन्वोर खाडीच्या आतल्या टोकाची. तिकडे जसं बोलतात तसंच ती लिहायची. तिची सतराशे पानं हालवारने एका दुपारी, सँडविच खात, निवडून पुसली होती. सँडविच तिच्याच हातचं होतं.

तो कॅन्टीनमध्ये गेला तो गुरुवार होता, म्हणजे बटाट्याच्या गोळ्यांचा दिवस, म्हणजे रांग दारापर्यंत. गुन्वोरने त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं. वीस मिनिटांनी तो तिच्यासमोर आला तेव्हा तिने डाव उगारलेलाच होता.

"सभेत म्हनलास मेन्यू कमी करनार," गुन्वोर म्हणाली. "म्या म्हनलं करू दे, त्याचा मेन्यू. दुसऱ्या दिशी बगते तर माजा गेला."

हालवार म्हणाला की दोन्ही शब्द एकच आहेत, त्यामुळे गैरसमज झाला.

"गैरसमज न्हाई. नऊ वर्सांचं लिवलेलं हाय. इचारायला तोंड नव्हतं व्हय?"

मागे रांगेत अर्थशास्त्र विभाग उभा होता आणि ऐकत होता. हालवारने आयुष्यात कुणाची चारचौघांत माफी मागितली नव्हती, कारण चारचौघांत त्याने काही केलंच नव्हतं. त्याने ती मागितली. गुन्वोरने त्याच्या ताटात दोन गोळे वाढले, जरा थांबून तिसरा वाढला, आणि अटी सांगितल्या. पुसलेलं परत लावायचं नाही, नवं लिहीन, पण एक अक्षर बदलायचं नाही. आणि कोपऱ्यात नाही, पहिल्या पानावर, कोर्सच्या यादीच्या शेजारी. रोज किती पाहिजे? हालवारने चाचरत सांगितलं, नऊशे शब्द. माशाच्या सूपावर नऊशे शब्द कुणी लिहू शकेल असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं. गुन्वोर म्हणाली, "येवडंच व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिल्या पानावर पुढील मजकूर उमटला: "आज मासळीचं सूप. मासा कालचा हाय, लपवत न्हाई. आजचा मिळाला असता, पन बोट उशिरा लागली, कारन धुकं. सुपात तूरिदच्या टाकीतलं शेवाळ घातलंय. ते आनायला गेलेल्या पोरींतली एक धक्क्यावरनं पान्यात पडली. बूट गेला, शेवाळ हातातच ऱ्हायलं. असली पोर शिकंल." पुढे त्या मुलीच्या आजोबांचा बूट १९७१ साली त्याच जागी कसा गेला होता त्याची हकीकत होती. शेवटी मिठाबद्दल दोन ओळी होत्या.

हालवारने ते वाचून डोक्याला हात लावला. संकेतस्थळाच्या रचनेवर त्याने तीन कार्यशाळा केल्या होत्या. बाहेरच्या माणसाला यातलं काहीही नको असतं, असं तिन्हींत सांगितलं होतं. पण अट अट होती, आणि एकतीस मार्च जवळ येत होता. गुन्वोर लिहीत राहिली. शेवाळ तळून खारं लागतं, उकडून लागत नाही. तूरिद टाकीपाशी गाते, पण कुणी आलं की थांबते. आर्वे फुकटच्या कॉफीसाठी येतो आणि निवृत्तांना सवलत आहे का ते दर वेळी विचारतो. आर्वे हे वाचून भाषामंडळाची तातडीची सभा घेता झाला, पण मजकूर शुद्ध नवीत असल्याने मंडळाला ठराव अभिनंदनाचाच करावा लागला. पुढच्या आठवड्यात एका रेडिओ केंद्रावर सकाळच्या बातम्यांनंतर गुन्वोरचं सूप वाचून दाखवायला लागले. ग्रोविक कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं ते लोक आज तिथे जेवायला काय आहे ते बघू लागले. यादीच्या शेजारीच ते होतं, त्यामुळे त्यांची नजर यादीवरही पडू लागली.

ईस्टरच्या आठवड्यात कॉलेज ओस पडलं आणि सगळे रिवाजाप्रमाणे डोंगरातल्या झोपड्यांवर संत्री खायला गेले. कॅन्टीन बंद होतं, तरी रकाना बंद झाला नाही. कुणी नसताना कॅन्टीन कसं दिसतं यावर गुन्वोरने तीन दिवस लिहिलं. एकतीस मार्चला दुपारी मोजणी झाली: चोवीस पूर्णांक आठ. हालवारने आग लागल्यास काय करावे ही सूचना चार ठिकाणी लावली, आणि आकडा पंचवीस पूर्णांक एकवर गेला. खात्याने 'नोंद घेतली' असं एका ओळीचं उत्तर पाठवलं. ते दोन्ही रीतींत होतं.

पंधरा एप्रिल उजाडला आणि मावळला. सोळा तारखेला सकाळी आस्लाउगबाई स्वतः चालत हालवारच्या खोलीत आल्या. यापूर्वी त्या अशा एकदाच आल्या होत्या, आणि तेव्हा त्यांचा जिना चुकला होता.

"शेवाळाला एकतीस अर्ज," त्या म्हणाल्या.

हालवार उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्याने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. त्यांनीही केलं. मग त्या खुर्चीवर बसल्या, आणि त्या बसल्यावर हालवारला काहीतरी बरं नाही असं वाटलं. एकतीस विद्यार्थी म्हणजे एकतीस टाक्या, त्या म्हणाल्या. ग्रोविकला चौदा आहेत. खाऱ्या पाण्याची मोठी प्रयोगशाळा फक्त तोर्स्नेसला आहे, ती निम्मी रिकामी आहे, आणि वरच्या लोकांनी काल रात्रीच ठरवलं. कोर्स तिकडे जाईल. कॉलेजच्या दृष्टीने हे फार मोठं यश आहे. "पानावरचं ठिकाण तेवढं आज बदलून टाक," त्या जाता जाता म्हणाल्या. "आणि ठीक केलंस, हालवार. खूपच ठीक."

तूरिदला आधीच कळलं होतं. ती दुपारी रबरी बुटांसकट त्याच्या खोलीत आली आणि दाराला टेकून उभी राहिली. पायाखाली पाण्याचं तळं झालं.

"म्हणजे अकरा आले असते तर मला जावं लागलं असतं," ती म्हणाली, "आणि एकतीस आले तरी जावं लागणारच."

"तेरा यायला हवे होते," हालवार म्हणाला.

"तू वेबसाइट जरा कमी चांगली करायला हवी होतीस."

दोघं हसले. तूरिदचं हसू आधी थांबलं. ती म्हणाली की शुक्रवारी संध्याकाळची दुसरी फेरी पकडली तर ती साडेनऊपर्यंत घरी पोचेल, आणि तेवढ्यासाठी तिने वेळापत्रक पाहून ठेवलं आहे. मग हालवार म्हणाला, "जाऊ नकोस." बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला.  "आता म्हणतोस," तूरिद म्हणाली. रागाने नाही म्हणाली. टाक्यांचं पाणी बदलायचं होतं म्हणून ती गेली.

हालवारने तिच्या कोर्सचं पान उघडलं. ते सापडायला त्याला चार सेकंद लागले. वर नाव होतं, खाली तिने नवीत लिहिलेला मजकूर होता, आणि उजवीकडे 'ठिकाण: ग्रोविक'. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि ते कुठल्या विभागाकडे पाठवायचं हे त्याला कळत नव्हतं. ग्रोविक खोडून तोर्स्नेस लिहायचं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि ते काही त्या दिवशी पुरं झालं नाही.